आलेखाविना अहवाल : सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीचा अनुभव

वडिलांचे हिमोग्लोबिन काही महिन्यांपासून हळूहळू उतरत होते आणि पाठदुखी हटत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्तातील प्रथिने विजेच्या साहाय्याने गटागटांत वेगळी करून आलेखावर दाखवणारी चाचणी लिहून दिली. ज्या प्रयोगशाळेत ती करून घेतली, तिचे नाव येथे देत नाही.

रक्त घेण्याच्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती. दंडाची पट्टी शीर सापडताच सैल केली गेली. ती फार वेळ आवळून ठेवली, तर रक्तातील पाणी शिरेबाहेर झिरपते आणि प्रथिने आहेत त्यापेक्षा जास्त दिसतात. रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, म्हणजे सीरम, वेगळा करूनच चाचणी होईल, असे तंत्रज्ञाने न विचारता सांगितले, तेही मला आवडले. प्लाझ्मा (न गोठलेल्या रक्तातील द्रव) वापरल्यास त्यातील फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन बीटा आणि गॅमा या प्रथिनगटांच्या मध्ये स्वतःचा पट्टा उमटवते, आणि नसलेल्या आजाराचा संशय निर्माण होतो.

अहवाल वेळेवर आला, पण निव्वळ आकड्यांचा. एकूण प्रथिने, अल्ब्युमिन, अल्फा-1, अल्फा-2, बीटा, गॅमा आणि त्यांच्यासमोर संदर्भमर्यादा. आलेख नाही, पॅथॉलॉजिस्टचा अभिप्रायही नाही. ही उणीव किरकोळ नव्हे. विद्युतक्षेत्रात प्रथिने वेगवेगळ्या वेगाने सरकतात, या तत्त्वावर आर्ने टिसेलियस यांनी सीरममधील प्रथिनांचे गट वेगळे करून दाखवले (1948 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले), आणि आजही या चाचणीत पाहायचा असतो तो त्या गटांचा आलेखातील आकार. गॅमाचा रुंद उंचवटा दीर्घकालीन संसर्गात किंवा यकृताच्या आजारात दिसतो, कारण तेव्हा अनेक प्रकारच्या पेशी अनेक प्रतिपिंडे तयार करत असतात. अरुंद, टोकदार शिखर मात्र एकाच पेशीवंशाने एकच प्रतिपिंड भरमसाट बनवल्याची खूण असते, आणि मल्टिपल मायलोमाचा (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाचा) शोध तेथून सुरू होतो. दोन्हींत गॅमाचा आकडा सारखाच असू शकतो.

दोनदा विनंती केल्यावर आलेख मिळाला. गॅमाचा आकडा मर्यादेतच होता, पण आलेखाच्या त्या भागात एक बारीक शिखर उभे होते. डॉक्टरांनी ते पाहताच इम्युनोफिक्सेशन (शिखर कोणत्या प्रतिपिंडाचे आहे हे ओळखणारी) आणि फ्री लाइट चेन (प्रतिपिंडांचे सुटे, लहान घटक मोजणारी) या चाचण्या सांगितल्या. पुढील तपासण्या अद्याप चालू आहेत. असे लहान शिखर कोणताही आजार नसतानाही आढळते आणि कित्येकदा त्यावर केवळ लक्ष ठेवले जाते, असे त्यांनी वडिलांना समजावले.

प्रयोगशाळेच्या माहितीपत्रकात ही एकच चाचणी मायलोमाची शक्यता निकालात काढते, असा सूर आहे, तो मला मान्य नाही. काही रुग्णांच्या पेशी केवळ लाइट चेन बनवतात, त्या लघवीवाटे निघून जातात आणि सीरमचा आलेख निर्दोष दिसू शकतो.

सुई आणि नमुन्याच्या कामाला पूर्ण गुण, अहवालाला जेमतेम अर्धे. तेथे पुन्हा जावे लागले, तर आलेख आणि सहीनिशी अभिप्राय मिळणार का, हे रक्त देण्यापूर्वीच विचारून घेईन.