गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया : ठाण्यातील एका रुग्णालयाचा अनुभव

गर्भाशयातील गाठींमुळे होणाऱ्या अतिरक्तस्रावाने माझे हिमोग्लोबिन ८ वर आले होते. तरीही रुग्णालयाने शस्त्रक्रियेची घाई न करता आधी शिरेतून लोह देऊन ते वाढवले, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. दुर्बिणीद्वारे गर्भाशय काढले, बीजकोष मात्र ठेवले. त्यामुळे पाळी थांबली तरी संप्रेरके लगेच बंद होत नाहीत, हे डॉक्टरांनी आकृती काढून समजावले. दुसऱ्या दिवशी पोटापेक्षा खांदाच अधिक दुखला. शस्त्रक्रियेवेळी पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे असे होते, ही पूर्वकल्पना कोणी दिली असती तर मी आणि माझे यजमान एवढे घाबरलो नसतो. जेवण बेचव होते. घरी सोडण्याच्या दिवशी विम्याच्या मंजुरीसाठी ६ तास ताटकळत ठेवले, हे मात्र अक्षम्य आहे. घोडबंदर रस्त्यावरील खड्ड्यांतून जाताना पोटाशी उशी धरण्याचा परिचारिकेचा सल्ला फार उपयोगी पडला. ६ आठवडे भरलेली बादलीही उचलायची नव्हती, म्हणून सासूबाईंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतले. पाचव्या आठवड्यात मी तलावपाळीला सावकाश एक फेरी मारली. गाठी कर्करोगाच्या नसल्याचा अहवाल तोवर हाती आला होता.