शाळा की होमस्कूलिंग? आधी कारण तपासा

जून जवळ आला की फोन येतात. "पोराला शाळेतून काढावं म्हणतोय, तुम्ही कसं केलंत?" मुलुंडला आम्ही लेकीला तीन वर्षं घरी शिकवलं, मग पाचवीला शाळेत घातलं. म्हणून मी आधी विचारते, काढायचंय कशासाठी?

होमस्कूलिंगची, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवण्याची चळवळ मुळात दोन वेगळ्या कारणांनी वाढली. अमेरिकेतला जॉन होल्ट पाचवीला शिकवायचा. बाईंना हवं ते उत्तर ओळखण्यातच मुलांची हुशारी खर्च होते, हे त्याला वर्गात दिसलं. शाळा सुधारतील ही आशा सुटली, तेव्हा १९७७ साली त्याने घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक काढलं. दुसरीकडे रेमंड आणि डोरोथी मूर हे दांपत्य. आठ-दहा वर्षांआधी औपचारिक शिक्षणाची घाई नको, असं ते सांगत. १९८०च्या दशकात धार्मिक कुटुंबं मोठ्या संख्येने या वाटेला आली. १९९३पर्यंत तिथल्या पन्नासही राज्यांत हे कायदेशीर झालं.

आपलं उलटं, इथे शाळेत जायला मिळणं हीच झुंज होती. सावित्रीबाई जोतीरावांकडे घरी शिकल्या, पण १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढायलाच. माझ्या सासूबाईंची शाळा चौथीत सुटली होती. नातीचं नाव शाळेतून काढलं तेव्हा महिनाभर त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. त्यांचं दुखणं मला आजही पटतं.

घरी काय मिळालं? वेळ. मुलुंड ते दादर जलद गाडीला किती मिनिटं, धीमीला किती, यावरून ती तासा-मिनिटांची वजाबाकी शिकली. बुधवार सोडून कधीही राणीच्या बागेत जाता यायचं. गेलं काय? सोबत. दुपारी दोनपर्यंत सोसायटीच्या आवारात एकही पोर नसायचं, ही खिडकीत बसून स्कूलबसची वाट बघायची. आणि माझा पगार गेला. घरी शिकवणं स्वस्त पडतं असं म्हणणारे आईची नोकरी हिशोबात धरत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात: १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य मानतो, पण न घातल्यास त्यात पालकांना दंड नाही. परत यायचं झालं तर वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद आहे. दहावीसाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज, नाहीतर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा. एनआयओएसला १४ वर्षं पूर्ण लागतात आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एका दमात सगळे विषय न झेपणाऱ्या मुलाला हा मोठा दिलासा आहे.

एखाद्या बाईंनी वर्गात अपमान केला म्हणून काढत असाल, तर आधी शाळा बदलून बघा. आमचंही तेच झालं होतं आणि आम्ही तेवढं केलं नाही. जेईईच्या क्लाससाठी काढत असाल, तर ते होमस्कूलिंग नव्हेच. पण प्रश्न विचारणारं मूल वर्षभरात गप्प झालं असेल, तर घरी आणा. फक्त दिवसभर त्याच्यासोबत कोण असणार, हे नवरा-बायकोने बसून ठरवल्याशिवाय दाखला काढू नका.