2011 ची छोटी गाडी आणि एक गायब वॉल्व

गाडी 2011 ची, पेट्रोल, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही. तुमच्या सोसायटीत अशी एक तरी उभी असेलच, त्यामुळे बूट केवढा, मागे तिघं मावतात का, हे विचारू नका. मला बोलायचंय ते थर्मोस्टॅट वॉल्वबद्दल, म्हणजे इंजिनचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेबद्दल, आणि बरंच बोलायचंय. सस्पेन्शन आणि एसीचं शेवटी थोडक्यात उरकतो.

सुरुवात खंबाटकीला झाली. साताऱ्याला जाताना तेव्हा बोगदा नशिबी नव्हता, घाटच चढावा लागला. पुढे ट्रक, दुसरा गिअर, एसी चालू, आणि तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. रेडिएटरचा फॅन फिरतच नव्हता. पंधरा वर्षांच्या आसपासच्या गाडीत फॅनची मोटर जाणं काही नवलाचं नाही. त्याबद्दल गाडीवर माझा राग नाही. वाटेतल्या एका गॅरेजात नवी मोटर बसवली, बिल रास्त होतं, संध्याकाळी गाडी हातात मिळाली.

त्यानंतर गाडी इतकी थंड चालायला लागली की मी खूश. ऐन मे महिन्यात काटा पाव भागाच्या वर जाईना. तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर कूलिंगला दहापैकी नऊ दिले असते.

मग मायलेज बसलं. हायवेला सतरा-अठरा देणारी गाडी तेरावर आली. ज्याला त्याला विचारलं तर एकच उत्तर: पेट्रोलमधलं इथेनॉल. आता, वीस टक्के इथेनॉलने मायलेज कमी होतं हे खरं. पण नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या चारचाकींसाठी अंदाज दिलाय तो सहा-सात टक्क्यांचा. माझं जवळजवळ पंचवीस टक्के गेलं होतं. उरलेलं पेट्रोल कोण पीत होतं? प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले. फरक शून्य. पैसे गेले.

त्यात ऑइल बदलायला दुसऱ्या एका गॅरेजात नेली, तर मेकॅनिकने ऑइलचं झाकण उघडून मला दाखवलं. आतून पांढरट मलई. "काका, हेड गॅसकेट गेलं. पाणी ऑइलात उतरतंय." खर्चाचा आकडा पाच अंकी. गाडीच जिथे लाखाची नाही तिथे हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवून त्याखालचं पॅकिंग बदलायचं म्हणजे पोटात गोळाच. पण कूलंटची पातळी तर महिनोन् महिने जागची हललेली नव्हती. ऑइलात पाणी उतरतं, तर टाकीतलं कमी का होत नाही? यावर "उतरेल हळूहळू" हे उत्तर मिळालं. मी चावी घेऊन निघालो.

घरी आल्यावर ओबीडीचा ब्लूटूथ डोंगल मागवला, गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारा. काहीशे रुपयांत मिळतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला, मोबाइल जोडला, एक्स्प्रेस हायवेला गेलो. कूलंटचं तापमान 62 अंश. तासभर चालवूनही 62. इथे मामला उघड झाला. थर्मोस्टॅट वॉल्व साधारण 82 अंशांपर्यंत बंद राहतो, रेडिएटरकडे पाणी जाऊच देत नाही, म्हणून इंजिन लवकर तापतं. पहिल्या गॅरेजवाल्याने फॅन बदलताना तो काढून टाकला होता. बिलात नाही, तोंडी सांगणंही नाही. फोन केला तर म्हणतो, "काका, आपल्याकडं थंडी असते कुठं? मी सगळ्या गाड्यांचा काढतो."

सगळ्या गाड्यांचा! वॉल्व नसला की हायवेच्या वाऱ्यावर इंजिन कधी तापतच नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी नुकतीच चालू केलीय, म्हणून तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. ऑइल पुरेसं गरम होत नाही, त्यातली वाफ उडून जात नाही, ती झाकणाला चिकटते. तीच ती मलई. म्हणजे एका गॅरेजने वॉल्व काढायचा आणि त्याच्या परिणामावर दुसऱ्याने हेड उतरवायचं. आणि घाटात गाडी पुन्हा तापलीच, तर वॉल्व काढल्याने ना बंद पडलेला फॅन फिरणार, ना चोंदलेला रेडिएटर मोकळा होणार.

पुण्याच्या नाना पेठेतून वॉल्व आणि त्याचं पॅकिंग आणलं; दोघांचं मिळून एका वेळच्या पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त. बसवताना कूलंट नव्याने भरलं, डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडायचं, हीटर फुल ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवायचं, नाहीतर आत हवा अडकते आणि काटा पुन्हा नाचतो. तापलेल्या इंजिनाचं बंद झाकण मात्र उघडायला जाऊ नका, हात भाजेल. आता मोबाइलवर 88 ते 93 दिसतं. मायलेज सोळाच्या पुढे आलं. उरलेला एखादा किलोमीटर इथेनॉलच्या नावे लिहायला माझी हरकत नाही. मलई पुन्हा दिसली नाही.

बाकीचं: पुढून खडखड येते, लिंक रॉड संपलेत. एसीची कूलिंग कॉइल लीक होती, डॅशबोर्ड उतरवावा लागला. मजुरी कॉइलपेक्षा जास्त झाली, पण एसी आता झकास. मागची डावी काच खाली गेली की हाताने ओढून वर घ्यावी लागते. मागे बसणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो. क्लच अजून मऊ आहे, स्टिअरिंगची तक्रार नाही.

पंधरा वर्षांचं पासिंग तोंडावर आलंय. री-रजिस्ट्रेशनची फी 2022 पासून 600 ची 5,000 झाली, वर पर्यावरण कर. घरात सगळे म्हणतात विकून टाक. विकून जेवढे येतील तेवढ्यात धड स्कूटरही येणार नाही, त्यामुळे फी भरणार. त्याआधी लिंक रॉड बदलायचेत, आणि काम होईपर्यंत मी गॅरेजातल्या बाकड्यावर बसून राहणार आहे.