स्पा की मोंझा?

फॉर्म्युला वनची एकच शर्यत प्रत्यक्ष बघायची तर कुठली, बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवरची की इटलीतल्या मोंझाची, यावर मित्र आठवडाभर अडून बसलाय.

स्पाची फेरी 7.004 किलोमीटरची, म्हणून गाड्या समोरून 44 वेळाच जातात; मोंझाला 5.793 किलोमीटरच्या 53 फेऱ्या. पण स्पाचा ओ रूज वळणानंतरचा चढ! टीव्हीवर सपाट वाटतो, प्रत्यक्षात मान वर करावी लागते. पाऊसही लहरी: एका टोकाला धो धो, दुसरीकडे ट्रॅक कोरडा. रेनकोट हवाच.

मोंझाला उद्यानातली झाडी, सपाट चाल, जुनी तिरपी वळणं. शर्यत संपली की गर्दी पोडियमखाली धावते. इटलीची घरची टीम फेरारी जिंकली तर विचारूच नका.

जल्लोष हवा तर मोंझा. ड्रायव्हरचं कसब बघायचं तर स्पा, आणि रात्र जागायची तयारी असेल तर तिथलीच 24 तासांची जीटी (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या गाड्यांची) शर्यत.