घरी जोडलेला रायझन ५६००जी पीसी: डिसेंबर ते जून, जळगावच्या उन्हाळ्यासकट

सेट असा आहे. रायझन ५ ५६००जी (६ कोर, १२ थ्रेड, प्रोसेसरसोबत आलेलाच कूलर), बी५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४-३६०० रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॅटचा ब्राँझ पॉवर सप्लाय आणि ६०० व्हीएचा साधा यूपीएस. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दिवसभर टॅली, ब्राउझरचे ढीगभर टॅब, मराठी डीटीपी, रात्री हलके गेम. एवढ्या कामाला मशीन पुरून उरतं. वेगाबद्दल तक्रार नाहीच. तक्रार एकच, आणि ती मार्च लागल्यावर सुरू झाली: भर दुपारी पीसी हँग. थंडीत एकदाही नाही.

अशी तक्रार घेऊन कुठेही जा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ‘विंडोज टाकून घ्या’. डेटा हलवा, फॉरमॅट मारा, टॅली पुन्हा बसवा, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्याआधी हँग कोणत्या प्रकारचा आहे ते बघणं फुकट आहे.

पीसी अडकला की कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर विंडोज आतून जिवंत आहे, घोळ ग्राफिक्स ड्रायव्हरपाशी किंवा डिस्कपाशी आहे. मग कंट्रोल, शिफ्ट, विंडोज आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होऊन चित्र परत आलं, तर ड्रायव्हर धरा. माउस फिरतोय पण क्लिक लागत नाही आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर चिकटली आहे, तर एसएसडी किंवा साटाची केबल. कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म, आणि स्पीकरमध्ये शेवटचा आवाज ‘टर्रर्र’ करत अडकलेला, तर हार्ड फ्रीझ, म्हणजे अख्खं मशीनच थिजलंय. तिथे रॅम, प्रोसेसर, बोर्ड आणि पॉवर एवढेच संशयित उरतात. या मशीनचा प्रकार हाच होता. लाइट गेल्या क्षणी आपोआप रीस्टार्ट होणं हा वेगळा आजार आहे, तो बहुतेक वेळा यूपीएसच्या दमलेल्या बॅटरीचा असतो.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ दिसलं की लोक पॉवर सप्लाय बदलायला धावतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मागच्या खेपेला विंडोज नीट बंद झालं नव्हतं. बटण दाबून धरून पीसी बंद केला तरी तीच नोंद पडते. कामाची नोंद त्याच्या आधीच्या काही मिनिटांत शोधायची. डब्ल्यूएचईए-लॉगर १८ (हार्डवेअरच्या चुकीची नोंद) असेल तर प्रोसेसर आणि मेमरीच्या बाजूला बघा. १२९ किंवा १५३ असेल तर डिस्क वेळेत उत्तर देत नाहीये. हार्ड फ्रीझमध्ये मात्र नोंद लिहायलाही सवड मिळत नाही, त्यामुळे कोरा लॉग बघून निश्चिंत होऊ नये.

दुपारीच होतंय म्हटल्यावर सगळे प्रोसेसरच्या तापमानावर बोट ठेवतात. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५च्या आसपास जातो, स्लॅबखालची खोली रात्री उशिरापर्यंत निवत नाही, त्यामुळे शंका रास्त आहे. पण ५६००जीची मर्यादा ९५ अंशांची आहे, आणि तिथे पोचला की तो स्वतःच क्लॉक, म्हणजे स्वतःचा वेग, उतरवतो. म्हणजे पीसी मंद होतो, थिजत नाही. तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये इथला आकडा लोडवरही ८५च्या खालीच होता. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदलून इथे काही साधलं नसतं.

खरी गोम रॅममध्ये होती. रॅमच्या चिपमधल्या (डीरॅमच्या) पेशीतला चार्ज सतत गळत असतो, म्हणून कंट्रोलर तो दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरतो. चिप जितकी गरम, तितकी गळती जास्त. ८५ अंशांच्या वर तर डीडीआर४च्या मानकातच दुप्पट वेगाने रिफ्रेश करायला सांगितलंय. त्यात ५६००जीचा मेमरीचा अधिकृत वेग ३२०० आहे. रॅमच्या खोक्यावरचा ३६०० हा रॅमवाल्याचा दावा, प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरने तो मान्य केलेला नाही. एक्सएमपी, म्हणजे खोक्यावरचा वेग लावणारी बोर्डची सेटिंग, चालू केलं की आपण काठावर चालायला लागतो. थंडीत काठ पुरतो, मेमध्ये पुरत नाही.

म्हणूनच रॅम तपासणारी मेमटेस्ट८६ रात्री लावून झोपण्यात अर्थ नाही. या सेटवर तीच टेस्ट, तीच एक्सएमपी सेटिंग, जानेवारीत चारही पासना शून्य एरर होते. एप्रिलच्या दुपारी खोलीतला कूलर बंद ठेवून लावली, तर दुसऱ्याच पासला लाल ओळी. एरर एक असो की शंभर, निकाल नापास.

पुढचा क्रम असा. पीसी बंद करून प्लग काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलेला चार्ज जाऊ द्या. एकच रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ मध्ये, दोन्ही टोकांना ‘टक’ होईपर्यंत बसवा आणि टेस्ट करा. मग दुसरी. एखादी रॅम कमी वेगालाही एरर देत असेल तर ती खराब आहे, वॉरंटीत द्या. दोन्ही एकाच पॅकमधल्या (किटच्या) असतील तर जोडी द्यावी लागते. दोन्ही रॅम ३२००ला पास आणि ३६००ला नापास असतील, तर रॅम बदलून पैसे घालवू नका. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंगच्या पानावर, एक्सएमपी लावा, फक्त मेमरी फ्रिक्वेन्सी ३२०० करा, व्होल्टेज १.३५ आणि टायमिंग आहेत तसेच राहू द्या, एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) १६०० वर. हे मशीन याच दुसऱ्या गटातलं निघालं. आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, त्यामुळे गेममध्ये थोडे फ्रेम जातात. टॅलीला काडीचा फरक पडत नाही. मेमरी कंट्रोलरला मिळणारं एसओसी व्होल्टेज वाढवून ३६००च टिकवायचा सल्लाही मिळतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वर आणखी उष्णता ओतण्यात शहाणपणा दिसत नाही.

एवढ्याने हँग जवळपास थांबले. उरलेले अधूनमधूनचे अर्थिंगचे होते. खुणा ठरलेल्या: कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या, आणि खोलीतल्या कूलरची मोटर चालू-बंद होताना माउस किंवा पेन ड्राइव्ह सुटून परत जोडला जाणं. पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरमधून थोडा करंट मुद्दाम अर्थकडे सोडलेला असतो. अर्थ तुटली की तो पत्र्यावर साचतो आणि मीटरवर शे-सव्वाशे व्होल्ट दिसतात. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल २३० असेल तर फेज-अर्थही तेवढ्याच्या जवळ हवं, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. मीटर हाताळायची सवय नसेल तर वायरमनकडूनच मोजून घ्या. मेमध्ये काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो आणि पावसाळ्यात नीट असलेली अर्थिंग नावापुरती उरते. इथे खड्ड्यात पाणी ओतल्यावर आकडा लगेच सुधारला. उन्हाळाभर आठवड्याला बादलीभर पाणी हवंच. कूलर आणि पीसी एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर तर अजिबात नको.

व्होल्टेज झुकतं म्हणून स्टॅबिलायझर घेण्याआधी पॉवर सप्लायचं लेबल वाचा. इनपुट १००–२४० असेल तर गावाकडे पंप सुरू झाल्यावर होणारी घसरण तो पचवतो. २००–२४० लिहिलं असेल तर मात्र चिंता खरी.

कूलरची हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नका. बोअरचं पाणी जड असतं, तुषारांबरोबर क्षार जातात आणि पंख्याच्या पात्यांवर पांढरी भुकटी बसते. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांनी पुढची जाळी दर पंधरा दिवसांनी काढून झटकावी, तंतूंचा अक्षरशः नमदा बसतो. एसएसडीवर बोर्डसोबत आलेली, उष्णता ओढून घेणारी पट्टी असेल तर तिच्याखालचं प्लॅस्टिक सोललंय ना, तेवढं बघा.

हँग न होता पीसी दोन-चार सेकंद अडखळून, आवाज फाटून पुन्हा चालू लागत असेल, तर तो रायझनचा एफटीपीएमचा (प्रोसेसरमधल्या सुरक्षा यंत्रणेचा) जुना दोष असू शकतो. एएमडीने २०२२मध्ये तो मान्य केला आणि बायोस अपडेटमधून उपाय दिला. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर ऑगस्ट २०२४च्या आधीच्या बायोसवर तो चालवूच नका. तिथे जादा व्होल्टेजने प्रोसेसरच कायमचा बिघडू शकतो, आणि त्यासाठीच इंटेलने वॉरंटी २ वर्षांनी वाढवली.

हा सेट आता ३२००वर आहे, मेच्या शेवटच्या आठवड्यातही दिवसभर अडकला नाही. सोबतच्या कूलरचा पंखा दुपारी घोंघावतो, तेवढं सोसावं लागतं. बायोस अपडेट केलं की रॅमची सेटिंग्ज मूळपदावर जातात, म्हणून त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि अपडेटनंतर पहिलं काम ३२०० पुन्हा लावायचं.