दिव्य दयेचा येशू: विल्नियसचा की क्राकोवचा?

वसईच्या कॅथलिक घरांत छातीतून लाल आणि फिकट किरण सोडणारा येशू दिसतो, तो बहुतेकदा पोलिश चित्रकार आडोल्फ हिवा यांच्या चित्राची प्रत असतो. पण पहिलं तैलचित्र त्यांचं नव्हे. ते १९३४ मध्ये विल्नियसला (आज लिथुआनियात) युजेनियुश काझिमिरोव्स्कींनी सिस्टर फाउस्टिनांच्या, म्हणजे येशूचं हे दर्शन झालेल्या पोलिश जोगिणीच्या, सांगण्याबरहुकूम रंगवलं. ते पाहून सिस्टर रडल्या. दर्शनात दिसलेलं रूप त्यात उतरलं नव्हतं म्हणे.

मला तरी तेच जास्त भिडतं. पापण्या खाली झुकलेल्या, मागे नुसता काळोख, पाऊल किंचित पुढे. तो आपल्याकडे बघतच नाही, त्यामुळे आपणच जरा वाकून बघतो.

हिवांचा येशू थेट डोळ्यांत बघतो, चेहरा गोंडस, रंग उजळ. आपलं कुटुंब दुसऱ्या महायुद्धात बचावलं म्हणून हिवांनी ते चित्र नवसासारखं वाहिलं. सिस्टर तर १९३८ मध्येच वारल्या होत्या, त्यांनी ते पाहिलंच नाही. पोलंडमधल्या क्राकोवच्या वागिएव्निकी मठातल्या हिवांच्या चित्रात आधी मागे कुरण होतं, ते नंतर रंगवून झाकलं.

दिवाणखान्यात येताजाता हात जोडायला हिवांचंच बरं. तासभर गुडघ्यांवर बसायचं असेल, तर विल्नियसचं.