डोंबिवलीच्या मावशीकडे : दादरवरून की वसईवरून?

बडोद्यात ज्यांचे कोणीच डोंबिवलीला नाही असे मराठी कुटुंब मुद्दाम शोधावे लागेल. आमची मावशी तिथे पश्चिमेला राहते. लग्नाआधीचे तिचे सारे आयुष्य बडोद्याच्या दांडिया बाजारात गेले, आणि वर्षातून तीन-चार वेळा तिच्याकडे जाऊन येणे हा आमच्या घरात पाळला जाणारा नेम आहे. आमच्याकडे मोटार नाही. रात्रीच्या खासगी बसने मी दोनदा गेलो. पण पहाटे महामार्गावरच्या कुठल्याशा पुलाखाली उतरून रिक्षावाल्याशी घासाघीस करण्याचे वय आता राहिले नाही, म्हणून तो पर्याय मी इथे विचारात घेत नाही. उरतात दोन वाटा. बोरिवली किंवा दादरपर्यंत लांबच्या गाडीने जाऊन दादरला मध्य रेल्वेची लोकल पकडायची ही पहिली. दुसरी म्हणजे वसई रोडला उतरून दिवा स्थानकाकडे जाणाऱ्या मेमूने (विजेवर धावणाऱ्या जवळच्या पल्ल्याच्या गाडीने) मुंबईला वळसा घालून डोंबिवलीच्या शेजारच्या कोपर स्थानकापर्यंत जायचे. मी दोन्ही वाटांनी पुष्कळदा गेलो आहे, आणि नव्याने जाणाऱ्याने कोणती निवडावी असे कोणी विचारले तर मला आता थोडे निश्चित सांगता येते. अर्थात ते माझ्या सवयींना आणि माझ्या मावशीला धरूनच आहे.

दादरची बाजू आधी मांडतो, कारण कागदावर तीच वरचढ दिसते. एकता नगरहून निघून बडोद्यावरून रात्री जाणारी गाडी थेट दादरलाच संपते. ही गाडी पूर्वी बडोद्याहूनच सुटत असे आणि २०२१ पासून ती एकता नगरपर्यंत नेली गेली. आमच्याकडची जुनी मंडळी अजूनही तिचा उल्लेख ‘आपली गाडी’ असाच करतात आणि तिच्यात आता आपल्याआधी कोणीतरी झोपलेले असते याबद्दल थोडी नाराजीही बाळगतात. या गाडीखेरीज मुंबईकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या बोरिवलीला थांबतात, वंदे भारतसुद्धा. बोरिवलीला उतरल्यास तिथूनच दादरमार्गे डोंबिवलीचे एकच तिकीट मिळते, मधे पुन्हा रांग लावावी लागत नाही. दादरहून डोंबिवलीला जलद लोकल पाऊण तासाच्या आसपास घेते, आणि सकाळी सगळी गर्दी मुंबईकडे येत असल्यामुळे उलट दिशेच्या त्या गाडीत खिडकीसुद्धा मिळते.

अडचण असते ती बोरिवली ते दादर या तुकड्याची, आणि दादरच्या पुलाची. सकाळी आठनंतर बोरिवलीहून जलद लोकलमध्ये सामान घेऊन चढणे हे ज्याने केले आहे त्याला वर्णनाची गरज नाही. आमच्या सामानात नेहमी एक नाजूक वस्तू असते, ती म्हणजे मावशीसाठी नेलेला लीलो चेवडो. बडोद्याबाहेर तो तसा मिळत नाही अशी तिची ठाम समजूत आहे, आणि ती अगदीच चुकीची नाही. बटाट्याच्या त्या हिरवट, ओलसर काड्या भाकरवडीसारख्या दणकट नसतात. एकदा मी बोरिवलीहून दादरपर्यंत पिशवी छातीशी धरून उभा राहिलो आणि डोंबिवलीला मावशीने पुडा उघडला तेव्हा आत चेवड्याचे भरीत झालेले होते. तिने ते वाटीत घेऊन चमच्याने खाल्ले आणि चव तीच आहे असे सांगितले, तो भाग वेगळा.

दादरच्या पुलाबद्दल एवढेच की, डिसेंबर २०२३ पासून दोन्ही रेल्वेंच्या फलाटांना सलग क्रमांक दिले आहेत आणि मध्य रेल्वेचे फलाट आता आठपासून चौदापर्यंत आहेत. त्यामुळे ‘एक नंबर म्हणजे कुठला एक नंबर’ हा जुना गोंधळ मिटला. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, मात्र फोनवर अजून जुनेच क्रमांक सांगतात, त्यामुळे त्यांच्या सूचना ऐकून घ्याव्यात आणि इंडिकेटर पाहून चालावे.

वसईची वाट तुलनेने अनोळखी आहे. वसई रोडहून दिव्याला जाणारा हा मार्ग पश्चिम आणि मध्य रेल्वेला मुंबईत न शिरता जोडतो. जूचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड आणि मग कोपर, एवढीच मधली स्थानके. कोपरला ही गाडी वरच्या फलाटावर थांबते आणि खाली मध्य रेल्वेची नेहमीची लोकल धावते. जिना उतरून कल्याणच्या दिशेने एक स्थानक गेले की डोंबिवली, किंवा पश्चिमेलाच जायचे असेल तर सरळ बाहेर पडून रिक्षा. मेमूने साधारण तासाभरात पोहोचता येते, कधी मालगाडीला वाट देण्यासाठी थांबली तर त्याहून जास्त. हा मार्ग मुख्यतः मालगाड्यांचाच आहे आणि प्रवासी गाड्या तिथे पाहुण्यासारख्या धावतात, हे मनाशी धरून निघालेले बरे.

मेमू रिकामी असते असा समज करून घेऊ नये. भिवंडीच्या यंत्रमागांवर जाणारे लोक, भाजीच्या पाट्या, शाळकरी मुले असा तिचा प्रवासी आहे, आणि उभे राहावे लागणे नवलाचे नाही. पण ही गर्दी दादरच्या गर्दीसारखी तुम्हाला उचलून नेत नाही. पिशवी पायाशी ठेवता येते आणि ती उतरेपर्यंत पायाशीच राहते. जूचंद्रनंतर खिडकीतून तुंगारेश्वरकडचे डोंगर दिसू लागतात, पावसाळ्यात ते अगदी जवळ सरकल्यासारखे वाटतात, आणि भिवंडीनंतर उल्हास नदीची खाडी ओलांडताना पुलावर गाडीचा आवाज बदलला की उठून दाराशी यावे, कारण पुढे कोपरच. एकदा शेजारी बसलेल्या बाईंनी, मी बडोद्याहून आलो हे कळल्यावर, ‘मग मुंबईला कशाला जायचं उगाच?’ असे विचारले होते. मला ते त्या वेळी विनोदी वाटले होते.

इथपर्यंतच्या हिशेबात मी दादरलाच झुकते माप देत होतो, हे कबूल केले पाहिजे. वसईला सगळ्या गाड्या थांबत नाहीत. थांबणारी गाडी सोयीची नसेल तर बोरिवलीला उतरून विरार लोकलने भाईंदरची खाडी ओलांडून परत उत्तरेला यावे लागते, जे सकाळी सोपे असले तरी मनाला पटत नाही. आणि मेमूच्या फेऱ्या दिवसभरात मोजक्याच; एक चुकली तर पुढची कधी, या प्रश्नाचे उत्तर काही वेळा तासांमध्ये द्यावे लागते. वसईच्या फलाटावर मी एकदा अख्खी दुपार काढली आहे. बरोबरचे वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून झाले होते.

माझे मत फिरले ते जाण्यामुळे नव्हे, परतण्यामुळे. नातेवाइकांकडून उठणे ही आपल्याकडे एक दीर्घ क्रिया आहे. निघतो म्हटल्यावर चहा येतो, चहानंतर पिशवीत घालायचा डबा येतो, डब्याचे झाकण घट्ट बसत नाही म्हणून दुसरा डबा शोधला जातो, पत्नी बरोबर असेल तर हळदकुंकू राहिलेले आठवते, आणि चप्पल घालून दारात उभे राहिल्यावर बडोद्याच्या सुरसागर तलावातल्या महादेवाच्या मूर्तीला सोन्याचा मुलामा दिला तो जवळून कसा दिसतो, हा प्रश्न निघतो. हे सगळे मला आवडते. त्यासाठीच तर जायचे असते. पण दादरवरून परतायचे असेल तेव्हा या क्रियेला शेवटच नसतो, कारण मावशीकडे एक बिनतोड उत्तर तयार असते : ‘अरे, लोकल काय, ही गेली तर दुसरी. बस रे पाच मिनिटं.’ आणि तिचे खरेच असते. दर काही मिनिटांनी गाडी आहे हे तिला माहीत, मलाही माहीत, त्यामुळे कोणती लोकल शेवटची चालेल हे दोघांपैकी कोणीच ठरवत नाही.

त्या रविवारी मला बोरिवलीहून सव्वाआठच्या आत आरक्षित गाडी पकडायची होती. साडेचारला मी पहिल्यांदा ‘निघतो’ म्हणालो आणि पावणेसहाला प्रत्यक्ष निघालो. भेटी रविवारीच होतात आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉकही (दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद ठेवणे) रविवारीच असतो, हा योगायोग बाहेरगावच्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. ब्लॉक संपलेला होता, पण गाड्या अजून रुळावर आलेल्या नव्हत्या. म्हणजे रुळावर होत्या, वेळेवर नव्हत्या. जलद लोकलची घोषणा दोनदा होऊन रद्द झाली, शेवटी धीम्या गाडीने दादर गाठले. त्या गाडीत गणपतीला निघाल्यासारखी सहकुटुंब माणसे होती. दादरचा पूल मी मावशीने दिलेल्या दोन डब्यांसह ओलांडला आणि बोरिवलीच्या जिन्यावरून फलाटावर उतरलो तेव्हा माझ्या गाडीचा शेवटचा डबा समोरून जात होता. त्याच्या पाठीवरची पिवळी फुली मला अगदी स्पष्ट दिसली. पुढचा प्रवास मागून आलेल्या गाडीच्या जनरल डब्यात सुरतपर्यंत उभ्याने झाला. मावशीच्या डब्यांत काय होते ते मी घरी आल्यावर पाहिले. डाळिंब्यांची उसळ होती आणि ती आंबली होती.

ठाण्याला उतरून घोडबंदर रस्त्याने बोरिवली गाठायला हवी होती, असे नंतर दोघा-तिघांनी सुचवले. रविवारी संध्याकाळी त्या रस्त्यावर बसमध्ये बसलेल्या माणसाने हा सल्ला दिला असेल असे मला वाटत नाही.

पुढच्या वेळी मी वसईवरून परतलो आणि फरक दारातच जाणवला. ‘मावशी, कोपरहून गाडी आहे, ती गेली की आज दुसरी उपयोगाची नाही,’ एवढे म्हणताच चहा आधीच टाकला गेला, डबा आधीच भरला गेला आणि महादेवाचा विषय जेवतानाच निघाला. काकांनी तर गाडीची वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवली होती, आणि वीस मिनिटे आधी तेच उठून माझी पिशवी दाराशी ठेवून आले. हाकलल्यासारखे वाटते का, असे मी स्वतःला विचारून पाहिले. तसे वाटत नाही. उलट शेवटचा तासभर घड्याळाकडे चोरून पाहण्यात जात नाही, कारण घड्याळाचे काम उघडपणे सगळेच करत असतात. लोकलची मुबलकता ही दादरच्या वाटेची मोठी जमेची बाजू, आणि माझ्यासारख्या भिडस्त माणसाला नेमकी तीच नडते.

वसईहून पुढेही तुलनेने सोपे जाते. थांबणारी गाडी असेल तर उत्तमच. नसेल तर संध्याकाळी वसईहून बोरिवलीकडे जाणाऱ्या लोकलला, गर्दी विरुद्ध दिशेला असल्यामुळे, बसायला जागा मिळते. मात्र मेमू आणि पुढची गाडी यांच्यात निदान दीड तासाचे अंतर ठेवावे. मालगाडीपुढे आपले काही चालत नाही. सुटीच्या दिवशी ती विशिष्ट मेमू धावते की नाही हेही निघण्याआधी पाहून घ्यावे.

ज्यांना मुक्काम करायचा नाही आणि सकाळी लवकर पोहोचून दिवसभर थांबायचे आहे, ज्यांचे नातेवाईक डोंबिवली पूर्वेला किंवा ठाकुर्लीला राहतात, किंवा जे सामान म्हणून खांद्यावरची एकच पिशवी नेतात, त्यांनी दादरवरूनच जावे, असे मी म्हणेन; रात्रीच्या गाडीने पहाटे दादरला उतरले तर पुलावरही फारशी गर्दी नसते. ज्यांच्याबरोबर वयस्कर माणूस आहे त्यांनी कोपरच्या वरच्या फलाटावरचा जिना लक्षात घ्यावा. आणि बडोद्यावरून वसईमार्गे कल्याणला जाणाऱ्या पुण्याच्या गाड्या, इंदूर–दौंड किंवा अहमदाबाद–पुणे, यांत आरक्षण मिळत असेल तर ही सगळी चर्चाच बाजूला ठेवावी, कल्याणला उतरावे आणि लोकलने दोन स्थानके मागे यावे. मला ते आजवर दोनदाच साधले. त्या गाड्यांच्या वेळा पुण्याच्या सोयीने आखलेल्या आहेत, मावशीच्या जेवणाच्या वेळेशी त्यांचे काही जमत नाही.

दिवाळीनंतरच्या खेपेला पत्नी बरोबर येणार आहे आणि तिला रानडे रोडवर थोडी खरेदी करायची आहे, म्हणून जाताना दादर आणि येताना वसई असे ठरले आहे. कोपरच्या गाडीची वेळ काकांना आताच कळवून ठेवली आहे. लीलो चेवडो या वेळी पत्र्याच्या डब्यात नेणार आहोत.